नोंदवहीतली अठरा नोव्हेंबर

शमशुद्दीन तांबोळींचा माणसांवर विश्वास नव्हता असं म्हटलं तर अन्याय होईल. त्यांचा कशावरच पटकन विश्वास बसत नसे. दुधाच्या पिशवीवरची तारीख ते चष्मा लावून वाचत. बसची पाटी वाचून झाली तरी कंडक्टरला विचारत, आणि कंडक्टरनं सांगितलं की शेजारच्या प्रवाशालाही. बुधवार पेठेत पंचेचाळीस वर्षं रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करण्यात गेली, त्याचा हा परिणाम. "बिघडलेल्या यंत्रातला प्रत्येक भाग साळसूद चेहरा करून बसलेला असतो," असं ते म्हणत. "एकेकाला धरून विचारावं लागतं."

दुरुस्तीला आता फारसं काही येत नसे. कुणाच्या तरी आजोबांचा रेडिओ, कुणी हौसेनं जुन्या बाजारातून उचललेला प्लेअर, एवढंच. तरी दुकान रोज साडेनऊला उघडे, ते फळ्यासाठी. शटरशेजारी टांगलेल्या हातभर फळ्यावर शमशुभाई रोज खडूनं दोन-तीन ओळी लिहीत: आज कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, आजच्या दिवशी कुठलं गाणं मुद्रित झालं. मोठमोठ्या गायकांचे वाढदिवस सगळं जगच लिहितं. शमशुभाईंच्या फळ्यावर तबकडीच्या लेबलवर बारीक अक्षरात असणारी माणसंही असत. मेंडोलिनवाला, कोरसमधल्या बायका, काचेपलीकडे बसून आवाज टिपणारा ध्वनिमुद्रक. दगडूशेठला निघालेली मंडळी वाटेत थांबून फळा वाचत आणि "अरेच्चा, हे माहीत नव्हतं" म्हणत पुढे जात. तेवढ्या एका "अरेच्चा"वर शमशुभाईंचा दिवस निघे.

या ओळींमागे सात नोंदवह्या होत्या. चाळीस वर्षांत जमवलेल्या, निळ्या शाईतल्या. प्रत्येक नोंदीसमोर पुरावा: कुणाचं पत्र, कुठल्या कार्यक्रमाची पत्रिका, कुणाच्या मुलानं समोर बसून सांगितलेलं. शाळेच्या दाखल्यावरची एक जून ही तारीख त्यांच्याकडे पुरावा म्हणून चालत नसे. पूर्वी पोराला शाळेत घालताना आईबापांना जन्मतारीख सांगता आली नाही, की मास्तर सरळ एक जून लिहून मोकळे होत. शमशुभाई स्वतः एक जूनचे, सुरय्याभाभीही एक जूनच्या. "आमचं लग्न पत्रिका जुळवून झालं," भाभी हसून सांगत, "मास्तरांनी जुळवलेल्या."

त्या वर्षी पेठेतल्या एका वाचनालयानं ठरवलं की शमशुभाईंच्या नोंदींची दिनदर्शिका छापायची. तीनशे पासष्ट दिवस, रोजची एक ओळ, आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव. वाचनालयाचे कार्यवाह बाळ कानडे अडुसष्ट वर्षांचे होते, पण बाळच होते. मुद्रितं हातात देताना ते म्हणाले, "शमशुभाई, चोवीस नोव्हेंबरला तपासून परत द्या. एक चूक राहिली तरी पुणेकर सोडणार नाहीत. वर्षभर काही न वाचणारे लोक चूक वाचायला बरोबर येतात."

"माझ्या वहीत चूक नाही," शमशुभाई म्हणाले.

"तेच छापायचंय, 'चूक नाही' म्हणून, तुमच्या नावाखाली. म्हणून सांगतोय."

आणि नेमकं त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं आपला मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "चाचा, हे बघा, तुमच्यासारखंच कुणीतरी करतंय." पडद्यावर 'सुरेल सकाळ' असं गुलाबी अक्षरांत, खाली गुलाबाचं फूल, आणि त्याखाली शमशुभाईंची त्या दिवशीची ओळ. शब्द न् शब्द त्यांचा. नाव कुणाचंच नाही.

शमशुभाईंच्या हातातला डाग देण्याचा सोल्डरिंग आयर्न गार झाला. दिनदर्शिका निघायच्या आधीच सगळ्या ओळी मोबाइलवरून फुकट फिरल्या, तर छापील पानावर ते चोर ठरतील. लोक म्हणतील, तांबोळींनी मोबाइलवरचं ढापलं.

पहिला संशय शेजारच्या हिंदुरावावर. मोबाइलची कव्हरं आणि काचा विकणारा हा माणूस दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसलेला असे. शमशुभाई दोन दिवस फळ्यासमोर स्टूल टाकून बसले, पाठ रस्त्याकडे आणि तोंड हिंदुरावाकडे.

तिसऱ्या दिवशी हिंदुराव म्हणाला, "चाचा, माझ्यावर पहारा आहे का?"

"तुम्हाला तसं का वाटलं?"

"गिऱ्हाईक विचारतंय, हे आजोबा कुठल्या खात्यातले. हे बघा, तुमचा फळा मी वाचत नाही. लोक तो वाचत उभे राहतात आणि माझ्या दुकानाची वाट अडवतात, एवढाच माझा संगीताशी संबंध."

उत्तर चोख होतं. म्हणूनच शमशुभाईंना ते पटलं नाही.

मग त्यांनी धंद्यातली युक्ती काढली. रेडिओ मुका झाला की आधी मधोमध तपासायचं: आवाज इथपर्यंत येतोय का? येत असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. ओळींचा प्रवासही तसाच होता. आधी घरी वहीत, मग दुकानात फळ्यावर. तेव्हा वहीत एक ओळ जास्त लिहायची आणि ती फळ्यावर घ्यायचीच नाही. मोबाइलवर ती ओळ दिसली तर चोर घरातला. नाही दिसली तर रस्त्यावरचा.

अठरा नोव्हेंबरचं पान त्यांनी निवडलं. त्या तारखेला वहीत एकच नोंद होती, जागा मोकळी होती. आता खोटी ओळ लिहायची कुणाची? नसलेल्या माणसाचं नाव लिहायला हात धजेना. शेवटी त्यांना एक छोटी तबकडी आठवली, पन्नास वर्षांपूर्वीची, एका ऑर्केस्ट्राची. लेबलवर तळाशी लिहिलेलं: 'अ‍ॅकॉर्डियन: पोपट घुले'. हा माणूस पुढे कुठेच दिसला नव्हता. कोण विचारतंय? असेल कधीचा वारलेला. शमशुभाईंनी निळ्या शाईत लिहिलं, 'अ‍ॅकॉर्डियनवादक पोपट घुले यांचा जन्मदिन'. पुराव्याची जागा कोरी ठेवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

जगातल्या प्रत्येक गोष्टीची खात्री करणाऱ्या माणसानं त्या एका "असेल कधीचा वारलेला"ची खात्री केली नाही.

अठरा तारखेला फळ्यावर एकच ओळ होती. अकरा वाजता शमशुभाई स्वतः हिंदुरावाच्या दुकानात गेले. "ते 'सुरेल सकाळ' तुमच्या फोनवर येतं का?"

"बायकोच्या मामेभावाकडून येतं. मी उघडत नाही."

"आज उघडा."

गुलाबाच्या फुलाखाली दोन ओळी होत्या. दुसरी पोपट घुल्यांची.

त्या दुपारी शमशुभाईंनी दुकान लवकर बंद केलं. बिबवेवाडीला घरी जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. घरात माणसं दोनच. मुलगी मेहनाज लग्न होऊन सोलापूरला. म्हणजे संशय घ्यायलासुद्धा जागा उरली नव्हती.

सुरय्याभाभी मेथी निवडत बसल्या होत्या. शमशुभाईंनी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि अठरा तारखेच्या पानावर बोट टेकवलं.

भाभींनी पान पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि काडी मोडत म्हणाल्या, "सापळा लावलात होय? घरात? बायकोला?"

"म्हणजे तूच."

"मीच. तुम्ही अंघोळीला गेलात की फोटो काढते, बघून टाइप करते आणि बहिणींच्या ग्रुपवर टाकते. दीड वर्ष झालं. खाली तुमचं नाव घालते, पेठ घालते. पुढे लोक नाव कापतात नि गुलाब चिकटवतात, त्याला मी काय करू?"

"नाव घालतेस? मी तर बघितलं, नाव नाही."

"बघा, आता मी खोटारडीसुद्धा झाले." भाभींनी निवडलेली मेथी आणि काड्या रागात एकत्रच केल्या आणि मग पुन्हा निवडायला घेतल्या. "लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. रस्त्यावरच्या माणसांना रोज तीन ओळी वाचायला मिळतात. मला कधी एक ओळ वाचून दाखवलीत? मी वही उघडून वाचायला लागले, आवडली, बहिणींना पाठवली. चोरी म्हणा हवं तर."

शमशुभाईंनी वही मिटून घेतली. पण संशय हा नवऱ्यापेक्षा जुना रहिवासी. तो काही लगेच बिऱ्हाड हलवत नाही. खरंच नाव घालत असेल? दोन दिवस त्यांनी तेवढाच विचार केला. ती ओळ खोडायची मात्र राहून गेली.

गुरुवारी दुकानासमोर एक बाई येऊन थांबली. चाळिशीतली, खांद्याला मोठी पिशवी. तिनं फळा वाचला, मग शटरवरचं नाव वाचलं, मोबाइलमध्ये पाहिलं आणि पुन्हा नाव वाचलं. फळ्याचा फोटोही काढला. शमशुभाई आतून बघत होते. वाचनालयानं चौकशीला धाडली की काय? का कुठल्या वर्तमानपत्राची?

"शमशुद्दीन तांबोळी आपणच का?"

"काय काम आहे?"

"मी भाग्यश्री. मांजरीहून आले. पोपट घुल्यांची मुलगी."

शमशुभाईंच्या हातून पेचकस निसटून टेबलाखाली गेला. तो उचलायला ते वाकले आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ खाली राहिले. वर आले तेव्हा तोंडातून निघालं ते असं: "कशावरून?"

"अं?"

"तुम्ही त्यांची मुलगी, हे कशावरून?"

भाग्यश्रीनं बिचारीनं रागावण्याऐवजी पिशवीतून एक फोटो काढला. रंगमंचावर झगझगीत कोट घातलेला तरणा माणूस, छातीशी अ‍ॅकॉर्डियन, मागे ऑर्केस्ट्राचं नाव. तबकडीवरचंच. मग तिनं मोबाइल पुढे केला. "आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर हे आलं मंगळवारी." गुलाब नव्हता, गुलाबी अक्षरं नव्हती. दोन ओळी, आणि खाली: 'संग्राहक: शमशुद्दीन तांबोळी, बुधवार पेठ, पुणे'.

सुरय्या नाव घालत होती.

"बाबा शहाऐंशीच्या आसपास असतील," भाग्यश्री सांगू लागली. "दाखल्यावर एक जून आहे, पण तो मास्तरांचा. म्हणून बाबांनी वाढदिवस कधी करूच दिला नाही. परवा हे वाचून दाखवलं तर म्हणाले, परत वाच. चारदा वाचायला लावलं. मग शिरा करायला सांगितला. माझ्या वडिलांनी स्वतःहून काही मागितलेलं मी लहानपणापासून ऐकलेलं नाही हो."

शमशुभाईंनी स्टूल तिच्यापुढे सरकवलं.

"त्यांनी विचारायला पाठवलंय, तारीख मिळाली कुठून? माझी आजी, मुक्ताई, बाबा तीन वर्षांचे असताना गेली. बाबांना वाटतंय, आजीनंच कुणाला तरी सांगून ठेवलं असणार. तेच फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलं. दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार, सांगा? तुमच्या वहीत असेल ना लिहिलेलं, कुणी सांगितलं ते? त्या पानाचा फोटो हवाय त्यांना."

वही टेबलावरच होती, कापडी पिशवीत; मंगळवारपासून ते ती घरी ठेवत नव्हते. शमशुभाईंनी त्या पिशवीवर हात ठेवला. वही उघडली असती तर पुराव्याची कोरी जागा दिसली असती. दोन शब्द लिहिले असते तर ती भरली असती. 'मातोश्रींच्या सांगण्यावरून.' शाई तीच, अक्षर तेच, संशय घेणार कोण? जगात संशय घेणारा माणूस एकच, आणि तो तर इथंच बसलेला.

"रविवारी मी येतो," ते म्हणाले. "त्यांनाच सांगतो."

घरी गेल्यावर त्यांनी भाभींना सगळं सांगितलं. भाभी म्हणाल्या, "खरं सांगितलंत तर म्हाताऱ्याची आई दुसऱ्यांदा जाईल. नाही सांगितलंत तर तुम्ही वही परत उघडू शकणार नाही. मी ओळखते तुम्हाला." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मीही येते. पाठवली मी होती."

मांजरीत उसाच्या शेताला लागून नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. एका बाजूला तुरे, दुसऱ्या बाजूला बाल्कन्या. घुल्यांचं घर मधल्या पट्ट्यात, पत्र्याचं आणि नीटनेटकं. पोपटराव अंगणात खाटेवर बसले होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. पाहुण्यांसाठी शिरा पुन्हा झाला होता, वेलदोड्याचा वास दारापर्यंत आला होता. शमशुभाईंना तो वास सहन होईना.

"बसा, बसा," पोपटराव म्हणाले. "तुम्हाला कोन भेटलं व्हतं? आमची एक मावशी व्हती फुरसुंगीला. तिनं सांगितलं का?"

शमशुभाई बसले नाहीत. "कुणीच सांगितलं नाही. तारीख खोटी आहे. मी मनानं लिहिली."

भाग्यश्रीच्या हातातला ताटलीवरचा चमचा खणकन वाजला.

त्यांनी सगळं सांगितलं: फळा, गुलाब, सापळा, तबकडीवरचं नाव. "तुम्ही हयात असाल असं मला वाटलं नाही," हेसुद्धा सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता.

पोपटरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पलीकडे ट्रॅक्टर आला आणि गेला.

"मंग आईनं न्हाय सांगितलं," ते भिंतीलाच म्हणाले.

"नाही."

"मला तिचं तोंड बी आठवत न्हाय. मंगळवारपासनं वाटत व्हतं, येक वस्तू गावली तिची."

सुरय्याभाभी पुढे होऊन खाटेच्या कडेशी बसल्या. "भाऊ, चूक आमची दोघांची आहे. हे सापळा लावत बसले आणि मी न विचारता पाठवलं. रागवा."

"रागवून काय करू, बाई? चार दिस बरे गेले ते गेलेच की." पोपटराव हळूहळू वळले. शमशुभाईंकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं, आणि त्या पाहण्यातही आता संशय होता. "ती तबकडी खरंच हाय तुमच्याकडं? का ती बी मनानंच?"

तबकडी पिशवीत होती. शमशुभाईंनी काढून दिली. पोपटरावांनी ती उन्हात तिरपी धरून लेबल शोधलं, मग बोटानं आपलं नाव शोधलं. "दुसऱ्या कडव्याच्या आधी माझा तुकडा हाय."

"अकरा सेकंदांचा," शमशुभाई म्हणाले. "शेवटी तुम्ही एक सूर लांबवता. ठरलेला नव्हता तो, व्हायोलिनवाले अडखळतात."

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. "वरडले व्हते मला त्याच्यापायी!" ते म्हणाले. "भाग्ये, पेटी आन."

जुन्या लुगड्यात गुंडाळलेला अ‍ॅकॉर्डियन आला. भात्याला दोन ठिकाणी चिकटपट्टी, तीन पट्ट्या मुक्या. पोपटरावांची बोटं ताठली होती. सूर कमी आणि वारा जास्त निघत होता. तरी त्यांनी तो तुकडा वाजवला, आणि शेवटचा सूर लांबवला. आता अडखळायला कुणी व्हायोलिनवाले नव्हते. शमशुभाईंनी सवयीनं घड्याळ पाहिलं: चार वाजून दहा मिनिटं.

निघताना पोपटरावांनी त्यांना हातानं थांबवलं. "येक जून मास्तरानं दिली. ही तुम्ही दिली. मास्तरानं माझं वाजवनं कधी ऐकलं न्हाय." जरा थांबून म्हणाले, "छापू मातर नगा. खोटं ते खोटं. घरात ऱ्हाऊ द्या. शिरा झ्याक व्हतो भाग्यीचा."

सोमवारी शमशुभाई वाचनालयात गेले. मुद्रितं परत देऊन त्यांनी वहीतली अठरा नोव्हेंबरची दुसरी ओळ बाळ कानड्यांसमोर खोडली.

"चूक?" कानड्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"चूक नाही. खोटं. जाणूनबुजून लिहिलेलं." त्यांनी सातही नोंदवह्या टेबलावर ठेवल्या. घराबाहेरच्या कुणाच्या हातात त्या पहिल्यांदाच जात होत्या. "बाकीच्या सगळ्या तुम्ही तपासा. तोवर 'चूक नाही' असं छापू नका."

"दिनदर्शिका पाडव्यावर जाईल."

"जाऊ द्या."

कानड्यांनी सवयीप्रमाणे काहीतरी तिरकस बोलायला तोंड उघडलं, शमशुभाईंकडे पाहिलं आणि मिटलं. मग सातवी वही चाळता चाळता ते तेवीस नोव्हेंबरच्या पानावर थांबले. नवी ओळ होती, शाई ताजी. 'अ‍ॅकॉर्डियनवादक पोपट कोंडीराम घुले यांनी मांजरी येथे, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वाजवले.'

"याला पुरावा?"

"समोर लिहिलाय."

पुराव्याच्या जागी दोन हस्ताक्षरं होती. एक निळ्या शाईतलं, नेहमीचं: 'ऐकणारे, शमशुद्दीन तांबोळी'. त्याखाली बॉलपेननं, वहीच्या रेघेला न जुमानता: 'आणि सुरय्या'.